जेटची कल्हई: वीस मायक्रॉन टंगस्टन आणि खाली कार्बन

ऑक्टोबर २००९ मध्ये इंग्लंडात ऑक्सफर्डजवळच्या कल्हॅमला जेट नावाचं फ्युजन मशीन, म्हणजे हलके अणू एकमेकांत मिसळून ऊर्जा काढायच्या प्रयोगांचं यंत्र, बंद केलं. काही बिघडलं म्हणून नाही, आतली सगळी भिंतच बदलायची होती म्हणून. १९८३ पासून चालू असलेलं मशीन, तेव्हा जगातलं सगळ्यात मोठं टोकामॅक (कड्यासारखं पोकळ भांडं, ज्यात अतितप्त वायू चुंबकांनी धरून ठेवतात), आणि त्याच्या आतल्या कार्बनच्या टाईल्स उचकटून धातूच्या बसवायच्या हे काम जवळजवळ पावणेदोन वर्षं चाललं, तेही बरंचसं रोबोटच्या हातांनी, कारण आत जुन्या प्रयोगांची किरणोत्सर्गी घाण आणि बेरिलियम या हलक्या धातूची विषारी धूळ, माणूस सहज आत जाऊ शकत नाही. मॅस्कॉट नावाचे ते दोन यांत्रिक हात, बाहेर बसलेला ऑपरेटर जसे हात हलवेल तसे आत हलतात, पान्याने बोल्ट पिळताना किती जोर लागतोय ते पण त्याला हाताला कळतं.

मला या सगळ्या प्रकरणात इंटरेस्ट आहे तो एका बारीक गोष्टीत. नव्या भिंतीत जिथे सगळ्यात जास्त मार बसतो त्या भागातल्या बहुतेक टाईल्स अख्ख्या टंगस्टनच्या नव्हत्याच, खाली कार्बनच होता, वर टंगस्टनचा १० ते २५ मायक्रॉनचा मुलामा. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड धरा, म्हणजे केसाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा थर, आणि समोर प्लाझ्मा, म्हणजे इतका तापलेला वायू की अणूंचे इलेक्ट्रॉन सुटून जातात, ज्याच्या मधल्या भागाचं तापमान दहा-पंधरा कोटी डिग्री. ऐकलं की पहिला प्रश्न हाच येतो की एवढासा थर टिकणार कसा. तर तो टिकला, पण का टिकला याचं उत्तर आपल्याला वाटतं तिथे नाहीये.

आधी कार्बन का काढला ते सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही.

कार्बन हा खरं तर फ्युजनवाल्यांचा लाडका. तो वितळत नाही, फार तापला तर सरळ वाफ होतो, त्यामुळे चुकून प्लाझ्मा भिंतीला घासला तरी टाईलची थोडी झीज होते, बाकी काही वाकत-सांडत नाही, दुसऱ्या दिवशी परत प्रयोग चालू. प्लाझ्मात गेला तरी हलका अणू आहे, सहाच इलेक्ट्रॉन, ते आतल्या तापमानाला सगळे निघून जातात आणि मग तो फारसा त्रास देत नाही. पण हायड्रोजन आणि कार्बनचं जमतं फार. प्लाझ्मातला हायड्रोजन कार्बनला लागला की हायड्रोकार्बन तयार होतात, ते उडून दुसरीकडे जाऊन बसतात आणि बसताना सोबत इंधन घेऊन बसतात. साधा हायड्रोजन असेल तर ठीक, पण खऱ्या रिॲक्टरचं इंधन ड्युटेरियम आणि ट्रिटियम, हायड्रोजनचेच जड भाऊ, आणि ट्रिटियम किरणोत्सर्गी, दुर्मिळ, ग्रॅम-ग्रॅमचा हिशेब द्यावा लागतो.

जेटने १९९७ मध्ये ट्रिटियमचे प्रयोग केले तेव्हा हे प्रत्यक्ष दिसलं. १६ मेगावॉटचा विक्रम झाला त्याच मोहिमेत, पेपरात तेच आलं. पण सुमारे ३५ ग्रॅम ट्रिटियम आत सोडलं होतं आणि मोहीम संपली तेव्हा त्यातलं एक तृतीयांशाच्या आसपास भिंतीतच अडकून बसलेलं, महिनोन् महिने साफसफाई करून पण सुमारे ६ ग्रॅम आतच राहिलं. आतल्या बाजूच्या खालच्या कोपऱ्यात, जिथे थंड सावली पडते तिथे, काजळीसारख्या खपल्या साचल्या होत्या आणि ट्रिटियम त्यात. फ्रान्समध्ये ईटर नावाचं जे आणखी मोठं फ्युजन मशीन बांधतायत त्याला आतल्या भांड्यात ७०० ग्रॅमच्या वर ट्रिटियम साचू द्यायची परवानगी नाही, आणि कार्बनची भिंत असती तर ही मर्यादा इतक्या लवकर गाठली असती की बाकीचा वेळ नुसता काजळी खरवडण्यात गेला असता. म्हणून ईटरने ठरवलं मुख्य भिंत बेरिलियमची, खालचा डायव्हर्टर टंगस्टनचा. पण ही जोडी आधी कुठल्याच मोठ्या मशीनमध्ये एकत्र चालवलेली नव्हती. ती चालवून बघायला जेट पुढे आलं.

डायव्हर्टर म्हणजे काय तर मशीनची मोरी समजा. चुंबकीय क्षेत्र असं वळवलेलं असतं की प्लाझ्माच्या कडेची उष्णता आणि राख (फ्युजनमधून उरणारं हेलियम) तळाशी दोन अरुंद पट्ट्यांवर येऊन आदळते, पट्टा जेमतेम काही सेंटीमीटरचा, आणि तिथे चौरस मीटरला १० मेगावॉट वगैरे उष्णता सहज येते. स्वयंपाकघरातल्या गॅसची मोठी शेगडी ढोबळ तीन किलोवॉटची धरली, तर एका चौरस मीटरच्या ओट्यावर तीन हजार शेगड्या फुल करून ठेवल्या की जे होईल ते.

मग सगळा डायव्हर्टर अख्ख्या टंगस्टनचा का नाही केला? वजन. टंगस्टनची घनता १९.३, कार्बन फायबरच्या टाईलची दोनच्याही खाली, जेटचा जुना सांगाडा कार्बनचं वजन धरून केलेला. आणि दुसरं म्हणजे टंगस्टनमधून वीज चांगली वाहते, प्लाझ्मा एकदम कोसळला की टाईलमध्ये विजेचे भोवऱ्यासारखे प्रवाह तयार होतात आणि एवढ्या चुंबकीय क्षेत्रात ते प्रवाह टाईलला पिळवटून काढतात. त्यामुळे फक्त एकाच रांगेत, जिथे सगळ्यात जास्त मार बसणार तिथे, जर्मनीतल्या युलिश संस्थेने डिझाईन केलेले भरीव टंगस्टनचे तुकडे बसवले, ते पण जाड ठोकळे नाहीत, पाव इंचाच्या पातळ पट्ट्या एकमेकांना चिकटू न देता उभ्या रचलेल्या. बाकी सगळीकडे कार्बन फायबर कंपोझिट, ज्याला पुढे मी नुसतं सीएफसी म्हणेन, आणि त्यावर टंगस्टन.

म्हणजे कल्हई. पितळेच्या पातेल्याला ताकद पितळेची, पण आमटीला पितळ लागू द्यायचं नाही म्हणून आतून कथलाचा हात. इथे उष्णता झेलायची ताकद कार्बनची, पण प्लाझ्माला कार्बन दिसू द्यायचा नाही.

आणि इथेच पहिला गैरसमज आहे, जो मी बऱ्याच हुशार लोकांकडून पण ऐकलाय, की कोटिंग उष्णता अडवतं. अजिबात नाही. हिशेब करून बघा, १० मेगावॉट प्रति चौरस मीटर उष्णता २० मायक्रॉन टंगस्टनमधून जाताना थराच्या वरच्या आणि खालच्या बाजूत फरक पडतो जेमतेम दोन डिग्रीचा. टंगस्टन उष्णता इतकी छान वाहून नेतं आणि थर इतका पातळ की उष्णतेच्या दृष्टीने तो तिथे असून नसल्यासारखा. म्हणजे वरचा टंगस्टन जितका तापतो तितकाच त्याच्या लगेच खालचा कार्बन पण तापतो. उष्णता झेलणारा कार्बनच. जेटमध्ये तर या टाईल्सच्या मागे पाणी पण खेळवलेलं नाही, प्रयोग दहा-वीस सेकंदांचा, तेवढ्या वेळात टाईल उष्णता पिऊन घेते आणि मग पुढच्या प्रयोगापर्यंत हळूहळू थंड होत बसते. त्याच १० मेगावॉटला पाच सेकंद ठेवलं तर ढोबळ गणिताने सीएफसीचा पृष्ठभाग हजार-अकराशे डिग्रीने वर जातो. टंगस्टन वितळतं ३४२२ डिग्रीला. म्हणजे वितळायची भीती या थराला साध्या दिवशी नव्हतीच.

मग भीती कशाची? खालच्या शेजाऱ्याची.

सीएफसी म्हणजे कार्बनच्या धाग्यांचे थर, मधे कार्बनचाच भराव. जेटच्या टाईल्स ज्या प्रकारच्या होत्या त्यात धागे एका प्रतलात आणि त्याला काटकोनात काहीच नाही. आता कोकणातलं लाकडी दार आठवा, पावसाळ्यात फुगतं आणि चौकटीत अडकतं, ते नेहमी रुंदीत फुगतं, उंचीत नाही, कारण लाकडाच्या रेषेच्या दिशेने ते जवळजवळ हलतच नाही. सीएफसीचं तापल्यावर तसंच होतं. धाग्याच्या दिशेने त्याचं प्रसरण जवळपास शून्य, धाग्याला काटकोनात मात्र दर डिग्रीला दहा लाखात दहा-बारा भाग. आणि टंगस्टन, बिचारं सरळमार्गी, सगळ्या दिशांना सारखंच, दहा लाखात साडेचार भाग.

बघा आता काय होतं ते. हजार डिग्री तापमान वाढलं तर टंगस्टनला साधारण ०.४५ टक्के लांब व्हायचंय. धाग्याच्या दिशेला खालचा कार्बन म्हणतो मी हलणार नाही, म्हणून टंगस्टन दाबलं जातं. काटकोनात कार्बन एक टक्क्याच्या वर पसरतो, म्हणून तिथे टंगस्टन ताणलं जातं. एकाच थरात एका दिशेला दाब, दुसऱ्या दिशेला ताण, दोन भावंडं एकच चादर ओढतायत तसं. गरम असताना टंगस्टन मऊ असतं, ते मुकाट्याने आकार बदलून घेतं, कुरकुर नाही. खरी गंमत थंड होताना. धाग्याच्या दिशेने जे टंगस्टन दाबून आखूड झालं होतं ते आता थंड होताना आणखी आखडायला बघतं, खालचा कार्बन ढिम्म, आणि काही शे डिग्रीच्या खाली आलं की टंगस्टन काचेसारखं ठिसूळ होतं. तडा. प्लाझ्मा चालू असताना नाही, प्लाझ्मा बंद झाल्यावर, सगळं शांत असताना.

कल्पना चांगली आहे पण टिकेल का हे बघायला युरोपातल्या वेगवेगळ्या प्रयोगशाळांना सांगितलं की आपापल्या पद्धतीने सीएफसीवर टंगस्टन चढवून आणा. असे १४ प्रकारचे नमुने आले. कोणी वाफेतून बसवलेलं, कोणी रासायनिक वायूतून, कोणी निर्वातात वितळलेल्या टंगस्टनचा फवारा मारून, थर काही मायक्रॉनपासून २०० मायक्रॉनपर्यंत. ते सगळे म्युनिकजवळच्या गार्शिंगला ग्लॅडिस नावाच्या यंत्रात घातले, जिथे आयनांचा (विद्युतभार असलेल्या अणूंचा) झोत मारून टाईल भाजतात. आधी उष्णता वाढवत वाढवत न्यायची, चौरस मीटरला २० मेगावॉटच्या आसपास, कोण कधी हार मानतो ते बघायचं, मग जे उरतील त्यांना १० मेगावॉटच्या आसपास तेच तेच २०० वेळा.

निकाल असा की तडे सगळ्यांना गेले. एकूण एक. आणि सगळ्यांचे तडे एकाच दिशेने, धाग्यांना काटकोनात, म्हणजे वरचा हिशेब अगदी बरोबर होता.

इथे माझ्यासारख्या माणसाने फाईल बंद करून टाकली असती, सगळे नापास म्हणून. त्यांनी तसं केलं नाही आणि मला वाटतं अख्ख्या प्रकरणातला सगळ्यात शहाणा निर्णय हाच. तडा गेला म्हणजे कोटिंग गेलं असं नाही. उभा बारीक तडा प्लाझ्माला फारसा दिसत नाही, उष्णता सरळ खाली जाते ती जातच राहते, उलट तडे गेल्याने आतला ताण सुटतो आणि थर जरा सैल होऊन बसतो. वाईट तो आडवा तडा, म्हणजे थर आणि टाईल यांच्या मधे गेलेला. तिथे पापुद्रा सुटला की त्या पापुद्र्यातली उष्णता खाली जायला वाटच नाही, आणि मग मात्र तो काही क्षणात वितळतो, कडा गोळा होऊन थेंब बनतात, खालचा कार्बन उघडा. म्हणजे प्रश्न बदलला. तडा जातो का हा प्रश्नच नव्हता. थर सुटतो का एवढाच प्रश्न.

आणि या प्रश्नाला जाड कोटिंग अडचणीत आलं. सुरुवातीला पसंती २०० मायक्रॉनच्या फवाऱ्याच्या कोटिंगला होती, ऑस्ट्रियातल्या प्लान्सी कंपनीचं, मधे रेनियमचे पातळ थर घालून केलेलं. साहजिक आहे, झीज होणार तर जाड बरं, कोणीही हेच म्हणेल. पण थराला ताण बसतो तेव्हा त्यात जी ऊर्जा साठते ती जाडीच्या पटीत वाढते, ताण तोच असला तरी दहापट जाड थरात दहापट ऊर्जा, आणि सगळी ऊर्जा त्या एकाच सांध्याला उचकटायला बसलेली. आपल्याकडे जुन्या घरांना दर दिवाळीला चुन्याचा एक हात, असे वीस-पंचवीस वर्षांचे हात एकावर एक चढले की एक दिवस भिंतीचा तळहाताएवढा पोपडा खाली येतो, ताज्या पातळ हाताचा कधी येत नाही. तेच हे. जाड कोटिंग मागे पडलं आणि डायव्हर्टरच्या सीएफसी टाईल्सवर पातळ थर आला.

तो पातळ थर रुमानियाचा. बुखारेस्टजवळ मागुरेले म्हणून गाव आहे, तिथल्या लेसर-प्लाझ्मा संस्थेने केलेला. साध्या मॅग्नेट्रॉनने टंगस्टन चढवतात तसंच चढवायचं, म्हणजे टंगस्टनच्या प्लेटवर आयन आपटून अणू उडवायचे आणि ते टाईलवर बसू द्यायचे, पण सोबत दर थोड्या वेळाने टाईलला काही दहा हजार व्होल्टचा एक अगदी क्षणिक झटका द्यायचा. झटका बसला की आजूबाजूचे आयन जोरात येऊन नुकत्याच बसलेल्या थरावर आपटतात. पुण्यात तांबट आळीत भांड्यावर मठारकाम करतात ना, ठोकून ठोकून पत्रा घट्ट आणि कडक करतात, तसं हे अणूंच्या पातळीवरचं मठारकाम. थर वाढता वाढताच ठोकला जातो, आत पोकळ्या राहत नाहीत, वाढताना जो ताण साठतो तो पण मोकळा होतो. शिवाय टंगस्टनच्या खाली आधी दोन-तीन मायक्रॉन मॉलिब्डेनमचा हात. मॉलिब्डेनमचं प्रसरण टंगस्टनपेक्षा जरा जास्त, सीएफसीच्या धाग्याला काटकोनातल्या दिशेपेक्षा कमी, म्हणजे दोन भांडणाऱ्यांच्या मधे बसवलेला समजूतदार नातेवाईक. या पद्धतीने जेटसाठी हजाराहून जास्त टाईल्स केल्या. प्रयोगशाळेत एक सुंदर नमुना करणं वेगळं आणि वेगवेगळ्या आकाराच्या, कोपरे-खाचा असलेल्या हजार टाईल्सवर तोच दर्जा ठेवणं वेगळं, म्हणून मला या रुमानियन टीमचं जास्त कौतुक वाटतं, फ्युजनच्या बातम्यांत त्यांचं नाव कुठे दिसत नाही.

सांध्याचा प्रश्न सुटला तरी कार्बन आणखी एक खोडी करतो, हळू आणि न दिसणारी. फार तापलं की कार्बनचे अणू वर सरकायला लागतात, मॉलिब्डेनममधून टंगस्टनमध्ये शिरतात आणि टंगस्टन कार्बाइड तयार होतं. ड्रिलच्या टोकाला जे लावतात तेच, कडक पण ठिसूळ. म्हणजे खालून वर कोटिंगचं हळूहळू दुसऱ्याच पदार्थात रूपांतर होत जातं, वरून बघून काहीच कळत नाही, आणि मग नेहमीच्या तापण्या-निवण्यात ते सुटायला सोपं होऊन बसतं. १३००-१४०० डिग्रीच्या पुढे ही गोष्ट झपाट्याने होते, खाली अगदी सावकाश. पातळ थराची किंमत इथे मोजावी लागते, कारण २० मायक्रॉन खाऊन टाकायला वेळ तो किती. म्हणून नियम केला, कोटिंग असलेल्या टाईलचा पृष्ठभाग १२०० डिग्रीच्या वर जाऊ द्यायचा नाही. विचार करा, ३४२२ ला वितळणारा धातू, आणि त्याला १२०० ची लक्ष्मणरेषा, ती पण त्याच्या स्वतःमुळे नाही, खालच्या कार्बनमुळे.

हा एक आकडा पुढे मशीन चालवणाऱ्यांच्या डोक्यावर बसला. कार्बनच्या काळात कोणी टाईलच्या तापमानाकडे इतकं बघायचं नाही, आता कॅमेरे लावून चालू प्रयोगात भिंतीचं तापमान बघायचं आणि हद्द ओलांडायला लागलं की कंट्रोल सिस्टीमने आपोआप हीटिंग कमी करायचं किंवा प्रयोग गुंडाळायचा. आणि प्लाझ्माचा पट्टा एकाच जागी पडू नये म्हणून तो सेकंदाला चार वेळा काही सेंटीमीटर मागे-पुढे हलवायचा, भाकरी तव्यावर फिरवत ठेवतो तसं, नाहीतर एका जागी करपते.

ऑगस्ट २०११ मध्ये नव्या भिंतीत पहिला प्लाझ्मा आला. आणि लगेच कळलं की भिंत टिकणं ही अर्धीच गोष्ट आहे, भिंतीचं प्लाझ्मात काय जातं ही दुसरी अर्धी.

टंगस्टनमध्ये ७४ इलेक्ट्रॉन. प्लाझ्माच्या मध्यात, कोट्यवधी डिग्रीला पण, ते सगळे सुटत नाहीत, काही चिकटून राहतात आणि सतत प्रकाश फेकत राहतात, म्हणजे प्लाझ्माची उष्णता बाहेर घालवत राहतात. कार्बन टक्का-दोन टक्के असला तरी चालून जायचं, टंगस्टन लाखात काही मोजके अणू झाले की प्लाझ्मा विझायला लागतो. आता टंगस्टनची जमेची बाजू अशी की ड्युटेरियमचा आयन त्याला सहज उडवू शकत नाही, दोनशे इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या वर ऊर्जा असल्याशिवाय अणू सुटतच नाही, कॅरमच्या हलक्या सोंगटीने स्ट्रायकर हलवायचा तसं आहे ते. पण बेरिलियम, नायट्रोजन असे जड पाहुणे आले की ते उडवतात, आणि सगळ्यात वाईट म्हणजे कडेचे स्फोट. प्लाझ्माच्या कडेला दाब साठतो आणि दर थोड्या वेळाने भसकन एक झोत बाहेर पडतो, मिलिसेकंदाच्या हिशेबातला, त्यातले आयन एवढे वेगात असतात की बहुतेक टंगस्टन त्यातच सुटतं.

त्यामुळे प्लाझ्माची कामगिरी सुरुवातीला कार्बनच्या काळापेक्षा घसरली. टंगस्टन बाहेर ठेवायला कडेला जास्त गॅस सोडावा लागायचा, जास्त गॅस सोडला की कड थंड होते, उष्णता धरून ठेवायची ताकद कमी. थोडा नायट्रोजन सोडून बघितला तर ती बरीचशी परत आली, म्हणजे कार्बन नकळत जे काम करत होता ते काढून टाकल्यावर कळलं. मध्यात रेडिओलहरींनी तापवायचं म्हणजे टंगस्टन तिथे साचत नाही, हे पण शिकले. आणि प्लाझ्मा कोसळतो तेव्हा कार्बन बरीच उष्णता प्रकाशाने पसरवून टाकायचा, धातूच्या भिंतीत ती तशी पसरत नाही आणि एका जागी जास्त भाजतं, म्हणून कोसळतंय असं दिसलं की गॅसचा मोठा फवारा आत मारणं मोठ्या करंटच्या प्रयोगांना सक्तीचं झालं.

या काळात दीड वर्षं दोन वर्षं डोक्याला हात लावून बसलेली मंडळी असणार. कल्हई टिकली पण आमटीची चव गेली, असं काहीतरी.

पण ज्या कारणासाठी हे सगळं केलं ते मात्र पहिल्याच मोहिमेत साध्य झालं. भिंतीत अडकून राहणारं इंधन कार्बनच्या तुलनेत दहापटीहून कमी झालं. जे काही अडकतं ते मुख्यतः बेरिलियमच्या थरात, टंगस्टनमध्ये फार कमी.

२०१२ मध्ये काही टाईल्स बाहेर काढून चिरून तपासल्या. आत मुद्दाम ठेवलेल्या खुणेच्या टाईल्स होत्या, थरांची जाडी आधी मोजून ठेवलेली, नंतर परत मोजायची. आणि तिथे एक गंमत दिसली. डायव्हर्टरच्या आतल्या बाजूच्या वरच्या भागात टंगस्टन झिजण्याऐवजी झाकलं गेलं होतं. मुख्य भिंतीवरचं बेरिलियम प्लाझ्मा थोडं थोडं खरवडतो, ते कडेकडेने वाहत येतं आणि तिथे बसतं, काही ठिकाणी टंगस्टनच्या मूळ थराच्या जोडीला बसेल एवढा जाड थर. म्हणजे आपण काळजी करत होतो झिजण्याची आणि झालं पुटं चढण्याचं. बाहेरच्या बाजूला झीज होती, पण एका मोहिमेत संपून जावं अशी नाही. कोटिंग बहुतांशी जागेवर होतं, आणि तीच पद्धत पुढे वापरत राहिले, जेट शेवटपर्यंत याच प्रकारच्या डायव्हर्टरवर चाललं.

(एक वेगळी पण मजेदार गोष्ट, भरीव टंगस्टनच्या रांगेत २०१३ मध्ये त्यांनी एक पट्टी मुद्दाम शेजारणीपेक्षा वर काढून ठेवली आणि तिच्या उघड्या कडेवर प्लाझ्माचे झटके मारून ती जाणूनबुजून वितळवली, वितळलं तर पुढे काय होतं ते बघायला. वितळलेलं टंगस्टन थोडं सरकलं, प्लाझ्मा काही कोसळला नाही. स्वतःच्या मशीनशी असं वागायला हिंमत लागते.)

आता या केसवरून उद्याच्या रिॲक्टरबद्दल किती बोलायचं? माझ्या मते जपून. जेटचे प्रयोग सेकंदांचे, टाईल तापते, निवते, मधे भरपूर वेळ. खऱ्या रिॲक्टरमध्ये तासन् तास, मागून पाणी खेळवलेलं, आणि न्यूट्रॉनचा मारा वर्षानुवर्षं जो टंगस्टनची जाळी आतून खिळखिळी करतो आणि कार्बनची उष्णता वाहायची ताकद पण मारून टाकतो. त्या परिस्थितीत सीएफसीवर २० मायक्रॉनचा मुलामा चालणार नाही, आणि कोणी तसं म्हणत पण नाही. ईटरचा डायव्हर्टर भरीव टंगस्टनच्या ठोकळ्यांचा आहे, मधून तांब्याची नळी, त्यात पाणी. तिथे सांधा टंगस्टन-तांब्याचा आहे, कार्बन नाही, पण भांडण तेच, तांबं टंगस्टनच्या जवळजवळ चौपट पसरतं आणि मधे मऊ तांब्याचा थर घालून समजूत काढावी लागते. जेटच्या कल्हईचं काम वेगळं होतं, टंगस्टनच्या भिंतीसोबत मोठं मशीन चालवायला शिकायचं आणि ते अख्खं टंगस्टन परवडत नसताना शिकायचं. तेवढं तिने केलं.

केलं म्हणजे किती, तर २१ डिसेंबर २०२१ ला याच भिंतीत ड्युटेरियम-ट्रिटियमच्या एका प्रयोगात ५९ मेगाज्यूल ऊर्जा निघाली, १९९७ मध्ये २२ च्या आसपास निघाली होती. ३ ऑक्टोबर २०२३ ला ६९ मेगाज्यूल, ०.२ मिलिग्रॅम इंधनातून. टंगस्टन आहे म्हणून प्लाझ्मा कधीच नीट तापणार नाही असं २०१२ मध्ये म्हणणारे होते, त्यांना हे उत्तर पुरेसं असावं.

दरम्यान ईटरने २०२३ मध्ये बेरिलियमच सोडायचं ठरवलं, मुख्य भिंत पण टंगस्टनची, म्हणजे जेटमध्ये जी जोडी तपासली त्यातला अर्धा भाग बाद. टंगस्टनवर अधूनमधून बोरॉनचा अगदी पातळ थर चढवायचा, ऑक्सिजन शोषून घ्यायला. म्हणजे परत थर आलाच, आणि बोरॉन बसतो तिथे इंधन पण घेऊन बसतो, त्यामुळे ट्रिटियमचा तो जुना हिशेब परत उघडलाय.

जेटचा शेवटचा प्रयोग १८ डिसेंबर २०२३ ला झाला, क्रमांक १,०५,८४२. शेवटच्या दिवशी त्यांनी वेगवान इलेक्ट्रॉनचा झोत मुद्दाम आतल्या भिंतीवर सोडला, किती खोल भाजतं ते मोजायला. आता टाईल्स एकेक करून बाहेर काढतायत, त्याच रोबोटच्या हातांनी, आणि प्रयोगशाळांत त्यांचे काप करून सूक्ष्मदर्शकाखाली बघतायत.